सुनेला उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं

मंगळवार, सांजवेळ

आज भावकीतल्या साहेबाची बायको-पोरं परदेशातून आली. तिकडं लढाई पेटली, म्हणून सरकारनं वकिलातीतल्या साहेबांची कुटुंबं आधी विमानात बसवली. त्याच साहेबाच्या घरी माझा नातू गणेश स्वयंपाकाला हाय. तो तिथंच राहिला.

भावकीत मी थोरली, म्हणून भाकरतुकडा ओवाळायला मला बोलावलं. तुकडा मुठीत धरून मी सुनेला विचारलं, "गणेश कुठंय?"

"थोरल्या आई, हुकूम फक्त कुटुंबापुरता होता. स्वयंपाकी त्यात बसत नाही."

"आन् पेटीतलं हे मांजर बसतं व्हय?"

बयेनं पेटी मागं सारली. पोरांना ओवाळलं, त्यांचा काय दोष? मांजरालाबी ओवाळलं. हिला न्हाई. तुकडा टाकून घरी निघाले.

तिची सासू मागनं वरडली, "अवं जाऊबाई, उन्हात उभी हाय ती!"

ऱ्हाऊ दे. मांजर आणलं गं हिनं!

मघाशी साहेबाचा फोन. "दिल्लीच्या हुकमाबिगर माझ्या हातात काही नाही."

म्हटलं, "मग गणेशला घेतल्याबिगर गावात पाय ठिवू नकोस. वेशीत आडवी बसंन."

त्याचा आवाज बारीक झाला. लई बरं वाटलं. गणेश कधी निघणार, ते मात्र बोलला न्हाई.