भर रस्त्यात हळदीकुंकू

तीर्थरूप आईले गंधालीचा रायपूरहून नमस्कार.

मी मजेत आहो. पाणी उकळूनच पिते. तू पाठवलेली काळी साडी संक्रांतीले नेसली, साऱ्यांले आवडली. बाबाचा गुडघा कसा आहे?

आमच्या घरमालकीण विमलाकाकू म्हणजे कमालच! आमच्या बुढापारा मोहल्ल्यात नळाले गटाराचं पाणी येऊन राहिलं होतं. अर्ज देऊन काही होईना, तं काकूंनी यंदाचं हळदीकुंकू भर रस्त्यातच मांडलं. गल्लीतल्या बायका सतरंजीवर बसल्या, गाड्या अडल्या. उठवाले आलेल्या पोलीस दीदीले बी काकूंनी कुंकू लावून तिळगूळ दिला. तिनं तो खाल्ला, अन् मग रस्ता अडवला म्हणून साऱ्यांची नावं लिहून घेतली.

काल कोर्टात पेशी होती. गुन्हा कबूल करा, थोडा दंड भरा अन् घरी जा, असं जजसाहेब म्हणाले. काकूंनी पदर सावरला. "रोड पे बैठे थे, हव साहब. मगर गुनाह नहीं किया. केस चलाइए." आमच्या वकिलानं बी समजावून पाहिलं. केस वर्षानुवर्षं चालते म्हणतात, पण काकू ढिम्म हलल्या नाही.

त्यांच्यामागून पुकारलेलं नाव माझं होतं, आई. दंड मी बी नाही भरला.

बाबाले जेवण झाल्यावर सांगजो.

तुझीच पोट्टी,
गंधाली