बाजूने दिसणारा राजा

क्योतो, मंगळवार संध्याकाळ

आज सोनोग्राफीचा फोटो मिळाला. चेहरा बाजूने, आणि केवढं ते नाक! बसमध्ये सारखी तेच बघत होते.

टोकियोहून नवऱ्याचा, निखिलचा फोन. "कोणावर गेलंय गं?"

"माझ्या राजावर."

हसला. माझा राजा म्हणजे ज्याच्यावर मी पीएचडी करतेय तो, आफ्रिकेतल्या अक्सूम या प्राचीन राज्याचा. त्याची फक्त नाणी उरलीत. त्यांवरही चेहरा असाच बाजूने, नाक असंच पुढे. आई कोण, मुलं किती, काही म्हणजे काही माहीत नाही. माझे सेन्सेई, म्हणजे पीएचडीचे गाईड, नेहमी म्हणतात, नाणी नसती तर हा राजा झालाच नाही असं आपण धरून चाललो असतो.

हे वाक्य किती वेळा ऐकलंय. आजच का टोचतंय?

मागच्या वेळी आम्ही फोटोपर्यंत पोचलोच नाही. त्या बाळाचं नाक कसं होतं, कोणालाच कळणार नाही. आम्ही दोघं त्याचा विषयही काढत नाही.

फोन ठेवताना निखिल किती लाडाने म्हणाला, "आपलं पहिलंवहिलं बाळ गं!"

मी नुसतंच हं म्हटलं. उद्या त्याला सांगेन. हे दुसरं.