पाच माणसांची जकात

२६ ऑक्टोबर, सोमवार

पोचलो एकदाचे! एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला मेंढ्या, मधे हे एवढंसं गाव. कार्डिफहून सात तास गाडीत बसून कंबर मोडली. हरीशला सुट्टी मिळाली हेच खूप. माझा एकुलता एक, आणि तोही असा साता समुद्रापार, विलायतेत. नात तनिषा वाटभर गाणी म्हणत होती. सूनबाईंनी, श्रद्धाने, धपाटे केले होते, जरा कडक, पण केले!

इथे एक गंमत आहे. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांवर जकात! माणशी, रात्रीमागे. त्यातून म्हणे कड्यावरची वाट दुरुस्त करतात, पक्षी सांभाळतात. मला हसूच आलं. आमचे हे तीस वर्षं सोलापूरला जकात नाक्यावर. कानाला पेन्सिल. ट्रकवाल्यांना म्हणायचे, "लपवू नको बाबा, सांग आणि जा." आज असते तर आम्ही उतरलो त्या घराच्या मालकीणबाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसले असते!

बाईंनी विचारलं, किती माणसं? मी पाच बोटं दाखवली.

"आई, पाच कशी? आपण चौघं," श्रद्धा म्हणाली. हरीशने चार लिहून दिले.

पण हे माझ्या पिशवीत आहेत. न सांगता नाक्यावरून आत आणलं की मी यांना! जिवाला लागून राहिलं.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

तनिषाला मराठी वाचता येत नाही, म्हणून लिहिते. हे गेले तेव्हा विमानं बंद होती. हरीशने सगळं फोनवर बघितलं. अस्थी दिरांनी सोडल्या. मी चिमूटभर मागे ठेवल्या, कुंकवाच्या करंड्यात. भटजींना कळलं असतं तर ओरडले असते. पण हरीशच्या हातून काहीतरी व्हायला नको?

यांचा विसा दोनदा नाकारला. मुलाचं घर बघायचं राहूनच गेलं. म्हणून इथल्या समुद्रात सोडावं असं मनात. आणि मग वाटतं — एकटे कसे राहतील? इंग्रजी येत नाही. थंडी सोसत नाही. मी डिसेंबरात परत जाणार. सोडू, की परत नेऊ? हरीशला अजून सांगितलेलं नाही.

इथला लोणच्यासारखा एक पदार्थ खाल्ला. गोड! लोणचं गोड!

२८ ऑक्टोबर, बुधवार

नाश्त्याला बाईंनी जकातीची पावती आणली. माणसं — पाच. पैसे भरलेले.

हरीश म्हणाला, चूक झाली, आम्ही चौघंच. बाई मान हलवून भरभर काहीतरी म्हणाल्या. तनिषाने सांगितलं — "आजी, बाई म्हणतो, पाचवा माणूस स्वतः पे केला. आत्ता सकाळी. एक आजोबा."

बशीत नाणी होती. अगदी बरोब्बर, सुट्टी. ओली. बशीत पाणी साठलं होतं.

"दुसरं कुणीतरी असेल," हरीश म्हणाला. बाईंनी आपल्या कानामागे बोट लावून दाखवलं. इथे पेन्सिल होती म्हणे.

हरीशच्या हातातला टोस्ट खाली पडला. श्रद्धा म्हणाली, "अहो, आई सगळ्यांना पेन्सिलीचं सांगत सुटल्या असतील." मी कुणाला आणि कसं सांगणार? मला थँक्यूच्या पुढे येतं काय!

घाबरायला पाहिजे होतं. मला तर काय आनंद झाला! आले. रीतसर आले, कुणाकडे विसा न मागता.

मग हरीशपुढे करंडा उघडला. "आई, तू हे पाच वर्षं..." त्याने करंडा कपाळाला लावला आणि म्हणाला, उद्या सोडू.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी सोडल्या. हरीश गुडघाभर पाण्यात, ओंजळ धरून. पाच वर्षांत रडला नव्हता, आज लहान पोरासारखा रडला. बरं झालं. श्रद्धाने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

लाटा येत होत्या, पण आवाज नाही. पक्षी कड्यावर ओळीने बसलेले, सगळे आमच्याकडे तोंड करून. तनिषा म्हणाली, "आजी, ते मोजतात आपल्याला?"

परत येताना वाळूत पावलं पाहिली. आमच्या चौघांची पाण्याकडे गेलेली. आणि एक अनवाणी रांग, पाण्यातून बाहेर आलेली. घराकडे. हरीशला दिसली नसावी. मी पदराआड हसले.

एकटे राहतील याचंच वाईट वाटतंय. ते तेवढं सुटत नाही मनातून.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

निघायचं म्हणून हरीश किल्ली द्यायला गेला. बाई चकित! तनिषा हसत सांगत आली — "आजी, आजोबाने आज दोघांची जकात भरला. तुझी पण!" किती दिवसांची? तर वहीत जाण्याच्या तारखेचा रकाना कोराच म्हणे. उभ्या जन्मात यांनी माझ्यासाठी सुट्टे काढले नव्हते! हरीश खालून हाका मारतोय. मी बॅग सोडून कपडे पुन्हा कपाटात लावतेय.