यंदा रक्त न सांडता सौदा

४ जानेवारी
मी बोलते, मोबाईल लिहितो. ही सोय सून माधुरीने करून दिली. मला अक्षर येत नाही, म्हणजे यातलं वाचणारं कुणीच नाही. मनातलं बोलायला हरकत नाही.

काल नगरला स्वतंत्र जमीन एजंटांचं ट्रेनिंग झालं. टाय लावलेला पोरगा म्हणाला, आधी स्वतःचं मूल्यमापन करा, दहापैकी गुण द्या. मी दहा दिले. शेजारी राजूरचा एजंट बसला होता, तो म्हणाला, आजी, सुधारायला थोडे शिल्लक ठेवा की. मी म्हटलं, या वयात कुणासाठी ठेवू?

गेल्या वर्षाचा आढावा: सौदे बरे झाले. एकाचं डोकं फुटलं, एकाचा हात मोडला, एक गोठा जळला. त्यात माझा काही संबंध नाही. जमिनीपायी माणसं हाणामारी करतातच. मी फक्त तिथं उभी असते.

महेंद्रला, माझ्या लेकाला, हे पटत नाही. म्हणाला, आई, जयंतीपर्यंत बघतो. चौदा एप्रिलच्या आत तुझ्या सौद्यात रक्त सांडलं की धंदा बंद. मोबाईल मी घेणार, तू घरी बसायचं. मी म्हटलं, लेकरा, तुझ्या आज्ज्याला या गावात कुणी बांधावर टेकू देत नव्हतं. आज माझ्या बोटाकडे बघून लोक बांध ठरवतात. मी घरी बसू? म्हणाला, व्हय.

शर्त मान्य. संकल्प: यंदा रक्त नाही.

५ जानेवारी
वार्षिक नियोजन. पुणतांब्याच्या शिवारातले अठरा गुंठे, रोड-टच, म्हणजे रस्त्याला लागून. मालक दोन सख्खे भाऊ, थोरला पुंजाराम, धाकटा श्रीमंत. जमीन सामाईक, दोघांच्या सह्या लागतात. गिऱ्हाईक नगरचे रिटायर शामकांत गुरुजी. त्यांना बंगला बांधायचाय, शांत जागा पाहिजे.

धोका एकच. भाऊ एक झाले की एजंटाला बाजूला सारून परस्पर सौदा करतात. तेव्हा दोघांना लांब ठेवायचं. शिवाय ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, क्लायंटला रोज एक फोन. त्याला फॉलो-अप म्हणतात. मोबाईलवर पुंजारामला बैलाचा फोटो लावलाय, श्रीमंतला ट्रॅक्टरचा. चुकायचा प्रश्न नाही.

१२ जानेवारी
फॉलो-अप जोरात. पण रोज रोज बोलायचं काय? ऊस, थंडी, गुडघे, सगळं तीन दिवसांत संपलं. मग एकाला दुसऱ्याची खबर द्यायला लागले. पुंजारामला सांगितलं, श्रीमंत म्हणतोय बांध तू कोरलास. श्रीमंत असं बोलला नव्हता, पण तोंडावर दिसत होतं. पुंजाराम तासभर बोलला. क्लायंट चांगला गुंतलाय.

१९ जानेवारी
टपरीवर पुंजारामने चहाची किटली श्रीमंतच्या तोंडावर हाणली. पुढचे दोन दात गेले, हनुवटी भाजली. रक्त आलं, खोटं कशाला बोलू. पण टपरी आपल्या अठरा गुंठ्यांत येत नाही, ती सरकारी रस्त्यावर आहे. महेंद्रला सांगितलं, दात किडकेच होते.

२ फेब्रुवारी
श्रीमंतला धीर द्यायला फोन केला. बोलता बोलता म्हटलं, पुंजाराम सांगत होता, आता धाकट्याला तान्ह्यासारखी भाकरी कुस्करून भरवा. दुपारी श्रीमंत पीव्हीसी पाईप घेऊन भावाच्या गोठ्यात शिरला. पुंजारामच्या खांद्याचं हाड मोडलं. मोडलं ते आतल्या आत. कातडीवर ओरखडाही नाही. महेंद्र कॅलेंडर बघायला लागला. बघू दे. शर्त रक्ताची होती, हाडाची नव्हती. जिंकतेय मी.

१८ फेब्रुवारी
गुरुजींना जागा दाखवली. भावांना वेगवेगळ्या वेळा दिल्या होत्या. दोघांनी उशीर करू नये म्हणून दोघांनाही सांगून ठेवलं होतं की दुसरा आधी जाऊन गुरुजींना गटवणार आहे. त्यामुळे दोघेही भल्या सकाळीच येऊन बसलेले.

पुंजाराम म्हणाला, ये रं बोळक्या. श्रीमंत म्हणाला, दुसराबी खांदा उतरवू का? मग ढेकळं, ढेकळं संपल्यावर दगड. एक दगड गुरुजींच्या गाडीची काच फोडून त्यांच्या कपाळात बसला. गुरुजी शर्टातले काचेचे तुकडे वेचत म्हणाले, रतनबाई, परिसर शांत आहे म्हणाला होतात ना? मी म्हटलं, गुरुजी, एरवी इथं पाखरूसुद्धा ओरडत नाही.

कपाळाचं रक्त शर्टावर उतरलं. पण गुरुजी नगरचे पाहुणे. पाहुण्याचं रक्त आपल्या हिशेबात धरायचं नसतं. गुरुजींना जागा मात्र पसंत पडलीय. भाव अजून उतरेल असं त्यांना वाटतंय. हुशार माणूस.

३ मार्च
माधुरी भाकरी थापता थापता म्हणाली, आई, तुम्ही फोन करता त्याच दिवशी ते दोघं मारामारी करतात. मी म्हटलं, बाई गं, दुखणं असतं म्हणून डॉक्टर येतो, डॉक्टर येतो म्हणून दुखणं नसतं. तिने भाकरी तव्यावर टाकली. पटलं असावं. आता फोन दिवसातून दोनदा करणार. मारामारी वाढलीय, फॉलो-अप कमी पडतोय.

२४ मार्च
आज मोजणी होती. मोजणीवाल्यांनी खुणेचा दगड रोवला. पुंजारामने तो धड हाताने उपटून श्रीमंतच्या डोक्यात घातला. श्रीमंतच्या डोळ्यांत रक्त उतरलं, तसाच चाचपडत ट्रॅक्टरवर चढला आणि थेट भावाच्या अंगावर घातला. पुंजाराम पाण्याच्या चारीकडे पळाला. पाय चाकाखाली आला. ऊस मोडावा तसा आवाज झाला.

मोजणीवाले मशीन टाकून पळाले. श्रीमंत खाली उतरला, भावाचं डोकं मांडीवर घेतलं आणि दादा, ए दादा म्हणत बसला. त्याच्या डोक्यातलं रक्त पुंजारामच्या गालावर गळत होतं. मी पदर फाडून पाय बांधला. गाठ काही केल्या बसेना. ऊन फार होतं.

आज नियोजन नाही.

२७ मार्च
दवाखान्यात दोघांच्या खाटा शेजारी. पोलिसांना दोघांनीही सांगितलं, पाय घसरला. मी मोसंबी घेऊन गेले. बघते तर दोघांचं सगळं बोलणं होऊन गेलेलं.

श्रीमंत म्हणाला, म्हातारे, बांध कोरला असं मी कवा म्हणलो? पुंजाराम म्हणाला, आन् भाकरी कुस्करायचं म्या कुणाला सांगितलं? लई झालं तुजं. मी म्हटलं, अरे, त्याला फॉलो-अप म्हणतात. पुंजारामचा पाय टांगलेला, खांदा मोडका. तरी उरलेल्या हाताने त्याने तांब्या भिरकावला. माझी भुवई फुटली. श्रीमंत म्हणाला, दादा, झ्याक नेम हाय तुजा. दोघे पोट धरून हसले.

टाके पडले. महेंद्रला समजावलं की एजंटाचं स्वतःचं रक्त शर्तीत येत नाही. त्याने हात पुढे केला. एवढं बोलून झालं की मोबाईल देते. चार्जिंग संपतच आलंय.

१६ एप्रिल, गाडीतून
हा मोबाईल माधुरीचा, घटकाभर मागून घेतलाय. सौदा झाला. माधुरीने दोघा भावांना आणि गुरुजींना एकाच दिवशी घरी बोलावून एकाच सतरंजीवर बसवलं, चहा दिला आणि जो भाव तो सगळ्यांसमोर सांगितला. कालच राहात्याला खरेदीखत झालं. कुणी कुणाला बोट लावलं नाही. मी पुंजारामला विचारलं, एकत्र आलाच होतात तर हिला का नाही टाळलंत? कुबडी सावरत म्हणाला, ताई फोनच करीत न्हाईत. लई बरं वाटतं.

आज माधुरी दुसरी जागा दाखवायला आलीय. अनुभवी माणूस लागतं, म्हणून मी सोबत आहे. समोर मालक आणि गिऱ्हाईक हसत बोलताहेत. इतकं हसणं चांगलं नाही. मालकाला एकच गोष्ट सांगायची होती, शेजारचा त्याच्याविषयी काय म्हणतो ती. काच खाली करायला गेले. होत नाही. दारही उघडत नाही. काचेवर जोरजोरात ठोकलं. माधुरीने लांबून हात हलवला.

एसी मात्र चालू ठेवून गेलीय.