हिरवट झाक

मंगळवार, संध्याकाळ. धाराशिव.

चाचणीचा निकाल आला. माझ्या नव्या औषधाची पूड यावेळी पांढरीशुभ्र, अगदी शुद्ध जमली होती, आणि तिनं टीबीचा एकही जंतू मेला नाही! म्हणजे मागच्या खेपेत जंतू मारत होतं ते माझं औषध नव्हतंच. ते बनवताना वापरलेलं, धुवून न निघालेलं तांबं होतं. त्या पुडीतली हिरवट झाक मला दिसत होती की! मग गप्प का बसले?

सर म्हणाले, "आत्ताच नेटवर टाकू नका, पुन्हा करून बघू." पण आमच्या प्रयोगशाळेचं सगळं त्याच दिवशी नेटवर जातं, फसलेलंसुद्धा. नाहीतर आणखी कुणीतरी याच्यामागं वर्ष घालवेल.

इंग्रजीतलं टाकलं. खाली मराठीत चार ओळी मी रोज सास्तूरच्या मामांसाठी लिहिते. त्यांचा टीबी साध्या गोळ्यांना दाद देत नाही, म्हणून जहाल गोळ्या चालू आहेत. परवाच म्हणाले, "लई आग पडती गं पोटात. पण तुझं औषध येईस्तोवर कळ काढतो."

ती हिरवट झाक त्यांना कशी सांगू?

शेवटी लिहिलं, 'मामा, ते औषध नव्हतं. गोळ्या सोडू नका.' लिंक पाठवली. निळ्या खुणा लगेच उमटल्या.

रोज वाचून झालं की मामा फोन करतात. आज फोन नाही.