मोहाखालचा पाला

प्रिय ललिता,

फोन असताना पत्र काऊन, असं म्हणशील. फोनवर तीनदा सांगायले गेलो अन् तीनदा तुझी तब्येत विचारून ठेवून दिला. पाचवीपर्यंतचं अक्षर आहे, लावून वाच.

मी बरा आहे म्हणजे जिवंत आहे. चैतापासून हे तिसरं काम. आधी वारंगलकडे मिरची, मग तिरुपूरले कपड्याची गिरणी, आता बंगळुराबाहेर रोपवाटिका. कुठी मन लागत नाई. सांजेले मुकादम पाला गोळा करून काडी लावते अन् मी पाइप घेऊन धावतो. जंगल का आदमी आग से डरता है, म्हणून सारे हसतात. हसू देतो.

परवा तू सांगितलं, पोळ्यानंतरच्या ग्रामसभेत बुधरीबाईचं मोहाचं झाड काढून घेणार. पाला तिनंच जाळला, तिच्याच जाळात तुझा बाबा गेला, असं सारं गाव म्हणून राह्यलं. म्हातारी ट्रेनिंगले आली नव्हती, एवढाच काय तो पुरावा. त्या एका झाडावर तिचं अर्धं वर्ष निघते. तेव्हापासून मले झोप नाई.

वणवा रोखायचं ते पाच दिवसांचं ट्रेनिंग आठवते? शाळेमागं परसबागेचे वाफे केले, कुंपणावर वाल चढवला. साऱ्या स्वयंसेवकांत तुझा बाबा, आमचा दसरूमामा म्हातारा, टोपी उलटी घालून बसला होता, तू किती हसली. मोहाखालचा पाला जाळायचा नाई, झाडून खताच्या खड्ड्यात टाकायचा, फुलांसाठी जुनं लुगडं आंथरायचं, असं ट्रेनिंगच्या बाईनं शिकवलं. वणव्यावर एकट्यानं जायचं नाई, म्हणून हरेकाले एक शिट्टी अन् एक जोडीदार. मामानं मलेच निवडलं. म्हणाला, "पोट्टा पळण्यात चपळ आहे. शिट्टी मारली की ये, बाप्पा."

ट्रेनिंगनंतर चार टोपले पाला झाडला अन् मी कंटाळलो. माझा मोह बुधरीबाईच्या मोहाले लागून. आमचा आजा जाळायचा, बाप जाळायचा. सकाळी काळ्या जमिनीवर फूल न् फूल दिसायचं. दुपार होती, वारा नव्हता. काडी मी लावली, ललिता. वारा मागून आला. जाळ तिच्या झाडाखालून बांबूत शिरला अन् मी नाल्याकडे पळालो. मागं शिट्टी वाजली. मामा हिरवी फांदी घेऊन आला असंल, शिकवलं तसा. जोडीदाराले बोलावून राह्यला होता. दुसरी वाजली. तिसरी अर्धीच वाजली. मी थांबलो नाई. मातीले खांदा दिला, तुझ्या डोळ्यात पाहिलं नाई, चौथ्या दिवशी गाव सोडलं.

हे पत्र ग्रामसभेत वाच. तुझ्यानं वाचणं झालं नाई तर सरपंचबाईले दे. झाड घ्यायचंच असंल तर माझं घ्या, बुधरीबाईले हात लावू नोका. पाकिटात माझी शिट्टी ठेवली आहे. त्या दिवशी मी शाळेमागं, वाफ्यापाशी उभा राहीन. वाचून झालं की वाजव. या खेपेले येईन.

तुझ्या बाबाचा जोडीदार,
सुनिल