नव्वद दिवसांचा नियम

४ मार्च
फुटलो एकदाचे. दाढी, म्हणजे माझा अकरा वर्षांचा जोडीदार, आज आपली माणसं घेऊन गेला. आमचा प्रोग्राम अंधांना पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवतो. फुकट, कुणीही उघडून बदलावा असा. त्याची जशीच्या तशी प्रत घेऊन त्याने वेगळी चूल मांडली. तशी मुभा आहेच. अकरा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी मिळून दिलेली!

भांडण माझ्या नियमावरून. वापरणाऱ्याने आमच्या साइटवर नोंदवलेल्या तक्रारीला नव्वद दिवस कुणी हात लावला नाही की ती आपोआप बंद. आम्ही मोजकी माणसं, तीही नोकऱ्या सांभाळून — करणार काय? कुणाचीतरी तक्रार तिसऱ्यांदा बंद झाली आणि दाढी पेटला. 'तू तक्रारी सोडवत नाहीस, झाडून टाकतोस.' कसली तक्रार, ते मी बघितलं नाही. नियम सगळ्यांना सारखा.

७ मार्च
ताईकडे. तिची दृष्टी गेली त्या वर्षी तिच्यासाठीच तर हे लिहायला घेतलं. त्यावरच ती अजून शाळेत शिकवते.
'भांडलात कशावरून?' तिने विचारलं. नियम सांगितला.
'हो का,' म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

१२ मार्च
आणखी तिघं तिकडे. जाऊ देत. दाढीची आठवण येते, एवढंच.

१९ मार्च
तिकडची पहिली दुरुस्ती: अपूर्णांक. म्हणे आमचा प्रोग्राम 'तीन छेद चार'ला 'चौतीस' वाचायचा. ती गाजलेली तक्रार हीच. एवढ्यासाठी घर मोडलं!

२४ मार्च
ताईचा प्रिंटर अडला म्हणून गेलो. कॉम्प्युटर सुरू केला तर दाढीची प्रत बोलायला लागली.
'अगं, हे काय?'
'गणिताचा तास असतो रे माझा. अपूर्णांक लागतात.'
'मग मला सांगायचं ना!'
'सांगितलं की. तीनदा. सगळे सांगतात तिथेच. भाऊ आहे म्हणून रांग कशाला मोडायची?'
प्रिंटर दुरुस्त केला. निघालो.

२५ मार्च
तीनही शोधून वाचल्या. टोपणनावाने लिहिलेल्या. शेवटच्या तक्रारीत एक वाक्य जास्त आहे: 'वर्गात मुलं हसतात.'
खाली मीच लिहून ठेवलेलं तयार उत्तर: 'आपल्या सहभागाबद्दल आभार.'
लाज वाटली.